पाद्रीबंगल्याचं दुसरं दार

शनिवारी दुपारची जेवणं उरकली, मंदारनं ताटं बाजूला सारून टेबलावर बंगल्याचा नकाशा पसरला आणि यमुनाबाईंनी ओळखलं की आता कुणीतरी रुसणार. कोण रुसणार तेही त्यांना ठाऊक होतं. पंचावन्न वर्षांच्या संसारात एवढं तर कळायलाच हवं.

नकाशा कापडावर चिकटवलेला, १८८४ सालचा, विलायतेत काढलेला. छावणीतल्या या पाद्रीबंगल्याची रीत अशी, की जाणाऱ्या पाळकानं बंगला नकाशाबरहुकूम करून द्यायचा आणि येणाऱ्यानं नकाशा हातात धरून खोली न् खोली तपासून घ्यायची. मधल्या काळात कुणी भिंत घातली असेल, खिडकी बुजवली असेल, तर ज्यानं केलं त्यानंच ते निस्तरायचं. साहेब लोक गेले, त्यांचे घोडे गेले, रीत मात्र राहिली. लक्ष्मण पारखे १९६१ साली या बंगल्यात पाळक म्हणून आले, तेव्हा त्यांनीही सही करूनच किल्ली घेतली होती. आता ते ऐंशीचे झाले होते. निवृत्त होऊन पंधरा वर्षं उलटली तरी मंडळीला पूर्णवेळ पाळक मिळेना, म्हणून तेच ओढत राहिले. आता मिळाला होता, दोन लहान मुलांचा बाप, आणि उद्या उपासना संपल्यावर पंच कमिटीसमोर त्याच्या हातात किल्ली द्यायची होती.

म्हणजे बघा, तीन पिढ्या ज्या घरात वावरल्या ते घर पारख्यांचं कधी नव्हतंच. हे सगळ्यांना माहीत होतं आणि बावन्न वर्षांत कुणी तोंडानं बोललं नव्हतं. बोलायचं कशाला? भाडेकरूला घरमालक तरी असतो, त्याच्या नावानं बोटं मोडता येतात. इथं मालक म्हणजे प्रत्यक्ष प्रभू, त्याला काय म्हणणार?

मंदार वाळूजच्या कंपनीत मेंटेनन्सला. आठवडाभर रजा टाकून त्यानं बंगला नकाशाच्या वळणावर आणला होता. मागच्या व्हरांड्यात आईच्या आईसाठी काढलेली मोरी पाडली, जेवणघरातला पोटमाळा उतरवला. धाकटी बहीण अश्लेषा पुण्याहून आली होती, ती प्रत्येक घावाला डोळ्यांत पाणी आणत होती. पोटमाळ्यावर तिनं बारावीचा अभ्यास केला होता. मंदारला तिचं हे वाईट वाटणं मनातून पटत होतं, पण तो ते दाखवत नव्हता, कारण दाखवलं असतं तर काम थांबलं असतं.

त्याची मुलगी सावनी आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला. ती या नकाशाच्या प्रेमातच पडली होती, आणि प्रेमात पडलेलं माणूस बोलतं तशी दिवसभर बोलत होती. छप्पर एवढं उतरतं का, तर त्यावर बर्फ साचू नये म्हणून. दक्षिणेला एवढी मोठी पुढं आलेली खिडकी का, तर थंडीतलं कोवळं ऊन बैठकीत यावं म्हणून. चार खोल्यांत चार शेकोट्या. ज्या साहेबानं हे सगळं काढलं त्यानं औरंगाबादचा मे महिना एकदा पाहिला असता तर पेन्सिल टाकून पळाला असता. यमुनाबाईंनी एका शेकोटीत कोंबड्या पाळल्या होत्या, दुसरीत लोणच्याच्या बरण्या ठेवल्या होत्या. उत्तरेची मटण-लोणी ठेवायची कोठी तेवढी थंड, म्हणून उन्हाळ्याच्या दुपारी सगळं घर तिथं चटई टाकून झोपायचं.

"पण आजोबा, एक गोष्ट त्यानं फार छान केलीय," सावनी म्हणाली आणि तिनं नकाशावर बोट ठेवलं. "हे दुसरं दार."

लक्ष्मणराव पाणी पीत होते. त्यांनी भांडं खाली ठेवलं.

नकाशात पाळकाच्या लिहायच्या खोलीला बाहेरून एक वेगळं दार होतं. दारापुढं छोटी पडवी, पडवीत भिंतीलाच जोडलेलं दगडी बाक. अडलेनडलेला माणूस यावा, बाकावर बसावा, पाळकाशी बोलून परस्पर निघून जावा. कोण आलं, कशासाठी आलं, रडत आलं की भांडत, हे घरातल्या कुणाला कळू नये. सावनी म्हणाली की तिच्या मते सगळा बंगला या एका दाराभोवती काढलाय. पडवी अजून होती, बाकही होतं. दाराच्या जागी मात्र भिंत होती आणि आतल्या बाजूनं त्या भिंतीला लागून पुस्तकांचं कपाट.

मंदार म्हणाला, एवढंच राहिलंय, आज उघडून टाकू. लक्ष्मणराव म्हणाले, ते राहू दे. मंदारनं समजावलं की कमिटी उद्या नकाशा घेऊनच येणार, बुजवलेलं दार त्यांच्या नजरेतून सुटायचं नाही. लक्ष्मणराव म्हणाले, नवीन माणसाला मी सांगेन, तो समजून घेईल. अश्लेषानं लगेच बापाची बाजू घेतली. सगळं पाडलंस, एक भिंत पप्पांसाठी राहू दे, तुझ्या कंपनीतलं इन्स्पेक्शन आहे का हे, असं तिनं भावाला सुनावलं. लक्ष्मणराव उठले, काठी टेकत आपल्या लिहायच्या खोलीत गेले, खुर्ची ओढून कपाटाला पाठ लावून बसले.

"आधी मला उचला, मग भिंत पाडा," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. म्हणूनच मंदार दारातूनच मागं फिरला.

त्या भिंतीमागं काय आहे ते लक्ष्मणरावांना रोज दिसायचं. चाळीस वर्षं झाली, एक दिवस चुकला नव्हता.

त्र्याहत्तरचा मे महिना. आजच्यासारखाच दुष्काळ, फक्त तेव्हा दारात टँकर येत नव्हते. मदतीचा गहू चर्चमार्फत वाटायचा होता. लक्ष्मणराव यादी घेऊन टेबलाशी, शेजारी कमिटीचे सेक्रेटरी. लोक दुसऱ्या दारानं एकेक करून आत यायचे. मंडळीत कुजबुज होती की पाळक आधी आपल्या माणसांची सोय लावतो. कुजबुज साफ खोटी होती, आणि खोटी होती म्हणूनच ती त्यांना जास्त झोंबली होती. त्या दिवशी देवगाव रंगारीहून धाकटा भाऊ कडुबा आला. पुढच्या दारानं आला असता तर यमुनाबाईंनी हात धुवायला पाणी देऊन ताटावर बसवला असता. पण तो भावाकडं आला नव्हता, पाळकाकडं आला होता. सकाळपासून चार वाजेपर्यंत तो दगडी बाकावर रांगेत बसला.

त्याची पाळी आली. लक्ष्मणरावांनी मान वर केली. भाऊ दिसला आणि सेक्रेटरी बघतोय हेही दिसलं. त्यांनी मान खाली घातली आणि विचारलं, "नाव?"

कडुबानं नाव सांगितलं. मग त्यांनी विचारलं, बापाचं नाव? कडुबानं तेही सांगितलं. गाव सांगितलं, घरात खाणारी किती तोंडं ते सांगितलं. लक्ष्मणरावांनी सगळं स्वच्छ अक्षरात उतरवून घेतलं. लिहून वर बघतात तर समोर कुणी नव्हतं. त्याचा गहू शेवटपर्यंत कुणी उचलला नाही.

त्यानंतर त्या दाराकडं बघणं त्यांना जमेना. हे बुजवून टाक, असं यमुनाबाईंना सांगून ते कन्नडच्या बाजूला चार दिवस दौऱ्यावर गेले. परत आले तेव्हा भिंत होती, चुन्यानं गुळगुळीत केलेली. पुढं आईच्या मातीला दोघे भाऊ आले, कबरीच्या दोन टोकांना उभे राहिले, आपापल्या मुठीतली माती टाकून आपापल्या वाटेनं गेले. ऐंशी वर्षांच्या माणसाला आता या वाटेनं मागं जायचं नव्हतं. घर सुटतंय तर सुटू दे, ही भिंत तशीच सुटू दे, एवढंच त्यांचं मागणं होतं.

यमुनाबाईंचं मागणं नेमकं उलटं होतं. हे घर सुटलं की मंदारच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधे जायचं. तिथं दार एकच, तेही लॅचचं. दोघा भावांमधे जे काही अडकलं होतं ते याच बंगल्यात अडकलं होतं, आणि निघायचं तर इथंच निघणार होतं. त्यांनी पदराला हात पुसले आणि मंदारला स्वयंपाकघरात बोलावलं.

"फारूखला फोन लाव," त्या म्हणाल्या. "तो चर्चची कौलं बदलायला येतो ना, तो. त्याला म्हणावं, जुन्या कामाचा माणूस घेऊन ये. त्याला कळेल कोण ते."

मंदार म्हणाला, पप्पा खुर्चीवरून उठत नाहीत तर माणूस आणून काय करू? त्या म्हणाल्या, बाहेरून काम करायचं. आणि दाराची फळी कुठून आणायची, असं सावनीनं विचारलं तेव्हा यमुनाबाई तिच्याकडं बघतच राहिल्या.

"आत्ता जेवलात कशावर?"

सावनीनं नकाशा उचलला आणि खाली वाकून बघितलं. टेबलाच्या पोटाशी बिजागरीच्या खुणा होत्या, कडीचं भोक होतं. चाळीस वर्षं पारख्यांचं घर या दारावर जेवत होतं. चार पाय लावलेत एवढंच, आजी म्हणाली, सागवान आहे, टाकून कशाला द्यायचं.

अश्लेषाला हे काही आवडलं नाही. आई सगळं आधीपासून ठरवून बसलीय आणि पप्पांना कोपऱ्यात घेतेय, असं ती भावाला म्हणाली. मग यमुनाबाईंनी दोघांना जवळ बसवून सांगितलं की येणारा माणूस तुमचा कडुबाकाका आहे. अश्लेषानं काकाला आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, आजीच्या मातीला, लांबून. ती म्हणाली, पप्पांचं बी.पी. वाढलं तर? यमुनाबाई म्हणाल्या, चाळीस वर्षं वाढलेलंच आहे, आज उतरंल. अश्लेषा उठली आणि टेबलावरची भांडी आवरायला लागली, म्हणजे ती या बाजूला आली.

सावनी आजोबांच्या खोलीत गेली. पुस्तकं तशीही बांधायचीच आहेत आजोबा, म्हणाली आणि कपाटाच्या वरच्या कप्प्यापासून सुरुवात केली. लक्ष्मणरावांना तिचा डाव कळला. पण नात एकेक पुस्तक काढून, पुसून, त्यांना दाखवून खोक्यात ठेवत होती. दोन पुस्तकांवर ते तिच्याशी बोललेसुद्धा. कपाट रिकामं झाल्यावर मंदारनं येऊन ते अलगद बाजूला सरकवलं. लक्ष्मणराव खुर्चीवर बसूनच राहिले, पण आता पाठीमागं नुसती भिंत होती. त्यांनी खुर्ची फिरवली आणि भिंतीकडं तोंड केलं.

चार वाजता फारूखची स्कूटर आली. मागं बसलेला म्हातारा उतरला, पांढरा शर्ट, पायजमा, डोक्याला टॉवेल. मंदारला पहिला धक्का हा बसला की त्याची चाल हुबेहूब पप्पांची होती. मंडळीतल्या रीतीनं त्यानं सलाम काका म्हटलं. म्हाताऱ्यानं सलाम घेतला आणि पोर किती उंच झालं, असं वहिनीकडं बघून म्हणाला. पोर बावन्न वर्षांचं होतं. फारूख त्याला उस्ताद म्हणत होता. गारखेड्यातल्या निम्म्या कॉलन्या उस्तादच्या हातच्या आहेत, असं त्यानं मंदारला अभिमानानं सांगितलं. दर नाताळात करंज्यांचा डबा छावणीतून गारखेड्याला आपणच पोचवतो, हेही तो बोलून गेला. यमुनाबाईंनी डोळे वटारले, पण बोललं ते बोललं.

कडुबा पडवीत आला. बाकाकडं त्यानं एकदा बघितलं. मग भिंतीवर तळहात ठेवला, वरून खाली फिरवला, आणि टोकीनं, गवंड्याच्या टोकदार हातोडीनं, चुन्याचा वरचा थर खरवडायला घेतला.

आत लक्ष्मणरावांना खरवड ऐकू आली.

"दादा," पलीकडून आवाज आला. "जरा मागं सरक. माती पडंल अंगावर."

आवाज म्हातारा झाला होता, तरी त्यांनी तो पहिल्या शब्दाला ओळखला. त्यांना राग आला, आणि राग कुणावर ते कळेना. यमुनेवर असावा. त्यांनी खुर्ची वीतभर मागं घेतली. हे आतल्या दारात उभ्या असलेल्या अश्लेषानं पाहिलं.

चुन्याचा पापुद्रा निघाल्यावर कडुबानं टोकी खाली ठेवली. पुढं त्यानं हत्यार घेतलंच नाही. वरच्या थरातली एक वीट दोन्ही हातांनी धरली, जरा हलवली, ती निघून आली. फारूख छिन्नी पुढं करत होता तो तसाच थांबला.

"उस्ताद, ये तो मिट्टी है," तो म्हणाला. "चुना बी नै, सिमेंट बी नै. इसकू तो हथोडी की बी जरूरत नै."

"व्हय," कडुबा म्हणाला. "माझीच हाय."

विटेएवढ्या भोकातून आतला म्हातारा बाहेरच्या म्हाताऱ्याकडं बघत होता.

"ही तू बांधलीस?"

"व्हय."

"यमुना म्हणाली होती, रस्त्याच्या कामावरचा गवंडी होता."

"तवा मी हर्सूलच्या पुढं रस्त्यावर खडीच फोडत व्हतो. वहिनीनं हुडकून आणलं. काम दे म्हणली, अन् घरातला गहू दिला मजुरीचा. मजुरी व्हती म्हणून घेतला." कडुबानं दुसरी वीट काढली, तिसरी काढली. "लई झालं तर शंभर इटा असतील. पहिलंच काम माझं. इथंच शिकलो म्हण ना."

लक्ष्मणरावांनी पायाशी पडलेली माती काठीनं उकरून बघितली. मग म्हणाले, "चुन्यात का नाही बांधलीस? पाणी नव्हतं म्हणून?"

"पाणी बी नव्हतं. पर चुना भिजवायपुरतं वहिनीनं दिलं व्हतं. मी तो वरून लावला, दोन्हीकडून, दिसायपुरता." त्याचा हात थांबला. "मला वाटलं, दोन-चार महिन्यांत तुझा राग उतरंल, तू उघडशील. चुन्यात बांधली असती तर तुझ्याच्यानं निघाली नसती. तुला कुठं हत्यार धरता येतं."

लक्ष्मणरावांना ते ऐकवेना. राग त्यांचा नव्हताच, लाज होती, आणि ती लाज भिंतीमागं ठेवून ते चाळीस वर्षं त्याच खोलीत प्रवचनं लिहीत बसले होते. हात लावला असता तर निघाली असती. एकदा कपाट सरकवून, नुसता हात लावला असता तर.

ते उठले. काठी खुर्चीला टेकवली आणि समोरच्या विटेला हात घातला. वीट सुटली, मातीचा लोट शर्टावर आला. मंदार मदतीला पुढं सरकला, तर यमुनाबाईंनी त्याच्या दंडाला धरून मागं ओढलं. ती भिंत मग दोघांनीच काढली, एक आतून, एक बाहेरून. काम हळूहळू चाललं होतं. मधे लक्ष्मणरावांना दम लागला तेव्हा कडुबाही थांबला, आणि त्यांनी पुन्हा वीट धरली तेव्हा त्यानं धरली. फारूख विटा एकावर एक रचत होता. सावनीनं फोटो काढायला मोबाइल वर केला आणि न काढताच खाली घेतला. अश्लेषा उंबऱ्यात बसून उघड उघड रडत होती आणि या वेळी तिला कुणी गप्प केलं नाही.

साडेपाचच्या सुमाराला दार मोकळं झालं. मंदार जेवणाच्या टेबलाचे पाय काढायला गेला. कडुबानं टॉवेल झटकला, तोंड पुसलं. आत काही तो आला नाही. सवयीनं म्हणा, मुद्दाम म्हणा, तो मागं वळून त्या दगडी बाकावर बसला, दाराजवळच्या टोकाला, जिथं रांगेतला पहिला माणूस बसायचा तिथं.

"घे," तो आत बघून म्हणाला. तोंडावर हसू होतं, डोळे मात्र हसत नव्हते. "घे नाव लिहून."

लिहायचं टेबल आत जागेवर होतं. लक्ष्मणराव तिकडं वळले नाहीत. काठी घेतली, विटांचा चुरा तुडवत त्या दारातून बाहेर आले. बावन्न वर्षांत ते या बाकावर कधी बसले नव्हते, कारण पाळकानं बसायची ती जागा नव्हतीच. ते बसले. दगड दिवसभराच्या उन्हानं तापलेला होता. दोघांच्या कपड्यांवर एकच माती होती.

गल्लीत टँकर येऊन थांबला, बायकांची घागरी-बादल्यांची गडबड झाली, यमुनाबाई बादली घ्यायला म्हणून उठल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या.

"बापाचं नाव मला माहीत होतं रे, कडुबा," लक्ष्मणराव म्हणाले.

कडुबा समोर बघत राहिला. मग त्यानं हात लांब करून भावाच्या शर्टावरची माती झटकली, एकदा, दोनदा, आणि हात तिथंच खांद्यावर ठेवला.